डोक्याची बॅटरी फेकावी की दुरुस्त करावी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

माजलगाव धरणाच्या काठावर रात्री मासे धरणारे लोक ज्या स्वस्त डोक्याच्या बॅटऱ्या (म्हणजे डोक्याला बांधायचे दिवे) वापरतात, त्यांच्या दुरुस्तीविषयीचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभारी आहे. दीड-दोनशे रुपयांची वस्तू दुरुस्त करत बसू नये, जुन्या लॅपटॉपमधला लिथियम सेल तिच्यात बसवण्याचा माझा सल्ला घातक आहे आणि पांढऱ्या उजेडाने मासा पळतो हे मी सांगितलेच नाही, असे आपले तीन आक्षेप आहेत.

सेलचा आक्षेप आधी घेतो, कारण तिथे आपले म्हणणे खरे आहे आणि चूक माझी आहे. ज्या बॅटरीच्या पाठीमागच्या दोन पिना बाहेर सरकवून ती थेट घरातल्या बोर्डात खोचतात, तिच्यात ट्रान्सफॉर्मर नसतो. एक कपॅसिटर आणि चार डायोड २३० व्होल्टच्या विजेतून थोडासा प्रवाह आतल्या ४ व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीत सोडत राहतात. बॅटरी भरली तरी हा प्रवाह आपोआप थांबत नाही. शिशाची बॅटरी ते काही दिवस सोसते आणि मग फुगते. लिथियम सेल मात्र ४.२ व्होल्टच्या पुढे भरत राहिला तर तापून पेट घेऊ शकतो. म्हणून नुसता सेल बदलणे चुकीचेच आहे, आणि मी ते अर्धवट लिहिले होते. सेल बदलायचाच असेल तर जुने चार्जिंगचे सर्किट पिनांसकट काढून टाकावे आणि त्या जागी टीपी४०५६ चे छोटे मॉड्यूल, म्हणजे लिथियम सेल भरला की चार्जिंग थांबवणारी तयार सर्किटची पट्टी, बसवून मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चार्जिंग करावे. मॉड्यूल घेताना त्यावर सेलच्या दोन टोकांखेरीज ‘आउट’ लिहिलेली दोन वेगळी टोके आहेत ना, हे पाहावे. ती असलेल्या मॉड्यूलमध्ये सहसा सेल अति रिकामा होऊ न देणारे संरक्षणही असते, आणि उजेडाच्या तारा त्याच टोकांना जोडायच्या असतात. जुना सेल मल्टिमीटरवर २.५ व्होल्टच्या खाली दिसला, किंवा पूर्ण भरून आठ दिवस नुसता ठेवल्यावर ४ व्होल्टच्या खाली उतरला, तर मी तो वापरत नाही.

दुरुस्तीच निरर्थक आहे, हे मात्र मला मान्य नाही. माझ्याकडे ‘मेली’ म्हणून आलेल्या बहुतेक बॅटऱ्यांचा दोष एकाच जागी सापडला : दिवा वर-खाली करण्याच्या बिजागरीजवळ. तिथे वायर रोज वाकते, आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटतात, वरचे प्लास्टिक मात्र शाबूत दिसते. ती जागा चिमटीत धरून किंचित दाबली की दिवा लागतो आणि सोडली की विझतो. प्लास्टिक सोलल्यावर ओलाव्याने हिरवे पडलेले धागे दिसतात. तेवढा भाग कापून, चांगले तांबे उघडे पडेपर्यंत वायर मागे सोलून, नीट डाख द्यावा आणि सांध्यावर रबरी नळी चढवावी. एवढ्याने काम होते. नवी बॅटरी आणली तरी तिची वायर त्याच बिजागरीतून गेलेली असते. शिवाय ज्याने आपली बॅटरी एकदा उघडून पाहिली आहे, त्याला थर्माकोलच्या तराफ्यावर मध्यरात्री दिवा मिणमिणू लागला तर नेमके काय बिघडले आहे हे कळते, आणि काठापासून दूर असलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

राहिला उजेड. पाण्यावर एकाएकी फिरणारा झोत माशाला बिचकवतो, हे आपले निरीक्षण माझ्याही अनुभवाशी जुळते. पण डोक्याची बॅटरी पाण्यात पाहण्यासाठी नसतेच. ती हातांसाठी आणि पायांसाठी असते. तंगूसाच्या (नायलॉनच्या बारीक दोऱ्याच्या) जाळ्यातून शिंगाळा मासा सोडवताना त्याचा काटा कुठे आहे हे दिसले नाही तर तळहात फाटतो, आणि काठाच्या गवतात घोणस असू शकते. मी काचेवर लाल जिलेटिन कागदाच्या दोन घड्या लावतो. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ते सरावणे क्षणात मोडते. मंद लाल उजेडाने ते बरेचसे टिकते, किडेही तोंडावर कमी येतात. काठाने चालताना मात्र कागद काढून पांढरा उजेडच वापरावा, कारण लाल उजेडात सापाची नक्षी मातीत मिसळून जाते.

मूळ लेखातला सेल बदलण्याचा परिच्छेद मी आजच काढला असून त्या जागी वरील मजकूर घातला आहे. त्यात एक गोष्ट वाढवली आहे : पिना काढल्यावर मागे राहणारी दोन भोके एम-सीलने बुजवावीत आणि ते घट्ट वाळल्याखेरीज बॅटरी पाण्यावर नेऊ नये.