करंटच्या मशीनवर बॉयलरचा सॉफ्टनर काढू नका

जालना-वाळूजच्या प्लांटवाल्यांत एक मेसेज लई फिरतोय: ‘मीठ नको, रेझिन नको, सॉफ्टनर काढा, करंटवाली मशीन बसवा. हार्डनेस झिरो, मेंटेनन्स झिरो, बॉयलरलाही चालते.’ हार्डनेस म्हणजे पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार, अन् सॉफ्टनर म्हणजे रेझिनच्या दाण्यांनी तो काढणारी टाकी; ते रेझिन मिठाच्या पाण्यानं परत ताजं करावं लागतं. मी बॉयलर हाऊसमधला माणूस, हे वाचून गप्प बसवत नाही, कारण कुणी खरंच सॉफ्टनर काढला तर क्षार बसून बॉयलरच्या ट्यूबा जातील.

मशीन खोटी नाही. पाण्यात डीसी करंट सोडला की कॅथोडजवळ, म्हणजे निगेटिव्ह पट्टीजवळ, हायड्रोजन निघतो, तिथला पीएच चढतो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं अन् कॅल्शियमला धरून कॅथोडवरच चुन्यासारखं बसतं.

पण हे होतं फक्त कॅथोडच्या जवळ. बाकीचं पाणी तसंच पुढं जातं, म्हणून हार्डनेस कमी होते, झिरो होत नाही, अन् बॉयलर फीडला, म्हणजे बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्याला, ती ५ पीपीएमच्या (लिटरमागं ५ मिलिग्रॅमच्या) आत लागते. त्यात कॅल्शियम क्लोराइड-सल्फेटच्या रूपात असलं, म्हणजे परमनंट हार्डनेस, तर कार्बोनेट व्हायला बायकार्बोनेटच पुरत नाही, मग कितीबी करंट सोडा.

लाइट बिल कुणी सांगत नाही. फॅरडेच्या नियमानं १ किलो कॅल्शियम कार्बोनेट बसवायला कमीत कमी २६८ अँपिअर-तास लागतात, तेबी एक अँपिअर वाया गेला नाही तर. ६०० पीपीएमच्या १० हजार लिटर बोअरच्या पाण्यात असं ६ किलो असतं, हिशोब तुम्हीच करा.

मेंटेनन्स झिरो म्हणता, मग काढलेला क्षार गेला कुठं? तो कॅथोडवर साचतो, खरवडावा नाहीतर ॲसिडनं धुवावाच लागतो, न धुतल्यास मशीन नुसती करंट खाते. हायड्रोजन बाहेर काढायला व्हेंटबी पाहिजे.

मिठाची तक्रार मात्र खरी आहे, रिजनरेशनचं, म्हणजे रेझिन ताजं करताना निघालेलं, खारं पाणी सोडायचं कुठं हा प्रश्न आहेच. म्हणून कूलिंग टॉवरला ही मशीन मी स्वतः सुचवीन. टॉवरचं थोडं पाणी साइडनं मशीनमधून फिरवत राहायचं, तिथं झिरोची गरज नसते, क्षार वाढू दिला नाही की बस, ब्लोडाऊन, म्हणजे क्षार वाढला म्हणून सोडून द्यावं लागणारं पाणी, कमी होतो, पाणी वाचतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, आपल्याकडं वाचलेल्या पाण्याची किंमत कुणाला सांगायची गरज नाही.

बॉयलरसाठी कुणी विकायला आलं तर त्याच्यासमोर आउटलेटचं सॅम्पल घ्या, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) अन् एरिओक्रोम ब्लॅक टी (हार्डनेस दाखवणारा रंग) टाका. वाइनसारखा लाल रंग आला तर हार्डनेस आहे, निळा आला तरच पुढचं बोला.