पन्नास रुपयांत ओळख

गेल्या गुरुवारी बडोद्याच्या कोठी कचेरीजवळ लिंबाखाली एका अनोळखी काकांनी मला ओळखायला साफ नकार दिला. आता अनोळखी माणसाने ओळखलं नाही तर त्यात रागवण्यासारखं काय, पण या काकांचा धंदाच ओळखण्याचा आहे हो. नोटरीच्या टेबलाशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतात, पन्नास रुपये घेतात आणि ‘मी यांना ओळखतो’ म्हणून सही ठोकतात. माझ्या आधीच्या चौघांना त्यांनी मान वर न करता ओळखलं. त्यातल्या एकाला तर तो रिक्षातून उतरायच्या आत.

मागची गोष्ट थोडक्यात, कारण ही रामायणं आता बडोद्यात घरोघरी चालू आहेत, अलकापुरीत दर दुसऱ्या काचेवर कांगारू नाहीतर मेपलचं पान चिकटवलेलं आहे. ऑस्ट्रेलियाचा पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहायची परवानगी, व्हिसा नंबर १८९. वयाचे गुण, इंग्रजीचे गुण, नोकरीचे गुण, सगळे मिळून किमान ६५ तरी हवेत, आणि तेहतीसावा वाढदिवस झाला की वयाच्या ३० मधले ५ जातात, म्हणजे इकडे केक कापायचा आणि तिकडे गुण. माझं बोलावणं वाढदिवसाच्या नऊ दिवस आधी आलं. तिथून ६० दिवसांत सगळे कागद चढवायचे.

मोठं काम आधीच झालं होतं. मी खरंच इंजिनिअर आहे हे पटवायला तीन ‘करिअर एपिसोड’ लिहायचे असतात आणि त्यात सगळं ‘मी’ने लिहायचं, ‘आम्ही’ चालत नाही. ज्या घरात ‘मी केलं’ म्हटलं की आजी ‘मोठा आलास!’ म्हणायची त्या घरातल्या माणसाने मी, मी, मी करत हजारो शब्द लिहायचे. मकरपुऱ्यात बाराजणांनी मिळून दुरुस्त केलेल्या हीट एक्स्चेंजरमधून माझा एकट्याचा वाटा वेगळा काढताना तीन रात्री गेल्या. पण झालं, पास झालं, परक्या देशातल्या माणसांना पटलं की हा इंजिनिअर आहे.

अडलं कुठे तर मी कुणाचा मुलगा आहे इथे.

जन्मदाखल्यावर आईवडील दोघांची नावं असावी लागतात. आहेत की! वडील प्रभाकरभाई, आई कुसुमबेन. बाकी सगळ्या कागदांवर वडील प्रभाकर (दहावीच्या कागदात प्रभाकरराव), आणि आई सुनंदा. म्हणजे कागदोपत्री मला तीन वडील आणि दोन आया आहेत, आणि ऑस्ट्रेलियाला वाटतंय की हे घर जरा विचारण्यासारखं आहे.

‘भाई’चं मी समजू शकतो. गुजरातमध्ये दाखला लिहिणाऱ्याच्या हाताला वळणच तसं असतं, नाव आलं की भाई, बाईचं असलं की बेन, तो प्रेमाने लावतो. आमचे पूर्वज दमाजीराव गायकवाडांच्या मागून इकडे आले तेव्हा कुणी जन्मदाखला मागितला नव्हता, तलवार दाखवली की झाला पीआर. बरं, आमच्या गावाची तरी नावं कुठे जुळतात? १९७४ मध्ये बरोड्याचं सरकारी नाव वडोदरा झालं, माझी डिग्री अजून ‘युनिव्हर्सिटी ऑफ बरोडा’ची, आणि आम्ही घरी म्हणतो बडोदा. गावाने कधी सोगंदनामा (ही सगळी नावं एकाचीच, असं प्रतिज्ञापत्र) केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आईचं प्रकरण मात्र आपल्याच लोकांनी करून ठेवलेलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, बाबांनी अंगठीने त्यात ‘सुनंदा’ लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कुसुम संपली. याची नोंद कुठे? तांदळात. ते तांदूळ कुठे? दुसऱ्या दिवशी त्यांचा भात झाला असणार. नंतर पहिलं बाळंतपण माहेरी, दवाखान्यात नाव सांगायला आजोबा गेले, आणि त्यांनी मुलीचं स्वतः ठेवलेलं नाव सांगितलं. मला आजोबांचा अजिबात राग येत नाही. पण बावीस वर्षांच्या मुलीचं नाव कुणाच्या तरी अंगठीने बदलायचं, आणि तेहतीस वर्षांनी तिच्या मुलाने त्यासाठी उन्हात उभं राहायचं, ही जी काही पद्धत आहे ती ज्याने काढली त्याला एकदा कोठीवर आणून उभं करायला पाहिजे, दुपारी दीड वाजता.

तर सोगंदनामा. २०१९ पासून गुजरातमध्ये जुने स्टॅम्प पेपर गेले, आता ई-स्टॅम्प, तो काढला. टायपिस्टने टाइप केलं. नोटरीसाहेब म्हणाले, ओळख लावून आणा. मी काकांपुढे कागद ठेवला आणि म्हटलं, ‘काका, खाली सही करायची आहे.’ आमच्या बडोद्याच्या मराठीत ‘खाली’ म्हणजे नुसती, फक्त, एवढीच. हे पुण्याच्या माणसाला सांगितलं की तो कागदाच्या तळाशी बघतो.

काकांनी पेन उघडलं. आणि मग, काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, त्यांनी जोडलेला कागद वाचला.

‘हे वुडन ब्रिज कुठे आलं रे? वाघोडियाकडे?’

तो माझ्या गुजराती दाखल्याचा इंग्रजी अनुवाद होता, पैसे देऊन करून घेतलेला, आणि अनुवादकाने मन लावून पत्त्याचासुद्धा अनुवाद केला होता.

‘लकडी पूल, काका. दांडिया बाजार. माझं आजोळ.’

काकांनी पेन मिटलं. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. ‘लकडी पुलाची कुसुम? तू कुसुमचा मुलगा?’

मला वाटलं आता काम झालं, पन्नास रुपये पण वाचले. किती भाबडा असतो माणूस.

‘कुसुमला तर मी चांगला ओळखतो. समोरासमोर घरं होती. ही सुनंदा कोण?’

‘तीच ने काका. लग्नानंतरचं नाव.’

‘कुणी बदललं?’

‘बाबांनी. लग्नात.’

‘तू होतास?’

मी कसा असेन?

‘मी पण नव्हतो,’ काका म्हणाले. ‘का नव्हतो ते विचार.’

मी विचारलं नाही. काही फरक पडला नाही.

‘१९८९. वैशाख. मांडव आमच्या ओटल्यासमोर. बँडवाले आमच्या ओटल्यावर बसून चहा प्यायले. पाणी आमच्या टाकीतलं. ने पत्रिका? नाही! आता तूच सांग, ज्या लग्नाला मला बोलावलं नाही त्या लग्नात कुसुमची सुनंदा झाली असं मी कसं लिहून देऊ? उद्या कोर्टात विचारलं तर?’

‘काका, आत्ता तुम्ही त्या चार माणसांना...’

‘ती अनोळखी होती. अनोळखी माणसाला ओळखायला काय लागतं? ओळखीच्या माणसाचं जोखीम असतं.’

मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, बरोबर आहे त्यांचं. त्या कोण होत्या, त्यांचा काय संबंध, मला माहीत नाही, पण या देशात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पुढच्याच्या भानगडीत मत देण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे. टायपिस्टही थांबला. नोटरीसाहेबांनी घड्याळ बघितलं, त्यांचा डबा आला होता.

मी आईला फोन लावला. स्पीकरवर. चूक झाली.

‘आई, इथे लकडी पुलाचे एक काका आहेत, ते म्हणतात तुझ्या लग्नाची पत्रिका...’

‘समोरच्या घरातला? तो अजून त्यावरच आहे?’ आई म्हणाली. ‘धाकट्याच्या हाती पाठवली होती पत्रिका. त्याच्या आईने घेतली हातात. दे त्याला फोन.’

दिला. पुढची सतरा मिनिटं (फोनमध्ये नोंद आहे) माझ्या फोनवर, माझ्या बॅटरीवर, दोघं बोलले. पत्रिकेवर पाच मिनिटं, त्यात तिचा रंग, तिच्यावरचं कुंकू, ती काकांच्या आईने फळीवरच्या डब्यात ठेवली की नाही. मग टाकीवर. मग कुणाकुणाच्या गुडघ्यांवर. काका तिला सारखे कुसुम, कुसुम करत होते आणि आई एकदाही ‘सुनंदा’ म्हणाली नाही, उलट हसत होती, घरी कुकरपाशी हसते तशी नाही, वेगळंच. मी बाजूला उभा राहून डबा बंद होण्याची वाट बघत होतो. म्हणजे उघडा होता तो बंद होऊन साहेब परत कामाला लागायची. साहेब जेवून, बडीशेप खाऊन, घरी निघायच्या तयारीत आले तरी यांचं चालूच.

शेवटी काकांनी सही केली. मी पन्नासची नोट पुढे केली.

‘शंभर,’ काका म्हणाले.

‘पाटीवर पन्नास लिहिलंय.’

‘ते अनोळखी लोकांचे.’

दिले. काय करणार, ६० पैकी २९ दिवस संपलेले. साहेबांनी शिक्का मारला, लाल सील लावलं, मी पळालो.

घरी आईने चष्मा लावून सोगंदनामा पहिल्यापासून वाचला. वडिलांची तिन्ही नावं बरोबर. मग ती थांबली. टायपिस्टने लिहिलं होतं, कुसुमबेन उर्फ सुनंदाबेन. सुनंदाबेन! हे नाव आजवर आमच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. दोन आया होत्या त्या आता तीन झाल्या, शिक्क्यासकट, आणि काकांनी सही करून शपथेवर ओळखलेल्या.

सोमवारी परत जायचंय. आई म्हणते मी पण येते, आणि जाताना त्याच्यासाठी लीलो चिवडा घे. पाव किलो पुरे, जास्त नको, पत्रिका दिली होती आम्ही.