भूमिपूजनाचे फोटो आहेत, चालतील का?

बिल्डिंग रिपेअर आणि वॉटरप्रूफिंगची कामं घेणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरची वेबसाइट करायला घेतली की आम्ही आधी कामांचे फोटो मागतो. येतात सत्कारांचे. शाल, श्रीफळ, नारळ फोडणारे शेठ, गाडीला टेकलेले शेठ. कामाचे फोटो मागितले तर उत्तर ठरलेलं: "काम बोलतं आपलं!" बोलत असेलही, पण डोंबिवलीच्या गच्चीवरचं काम मुलुंडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला ऐकू जात नाही.

मग कुणीतरी सुचवतं, नेटवरून घ्या. तिथे पिवळं हेल्मेट घातलेला, निळ्या डोळ्यांचा इंजिनिअर लाकडी सांगाड्याच्या घरासमोर उभा असतो. आपल्याकडे आरसीसी, परांची बांबूची आणि मिस्त्रीच्या डोक्याला गमछा. सेक्रेटरी मनातल्या मनात 'बनावट' म्हणतो आणि पुढच्याची साइट उघडतो.

खरं तर हवेत तीनच फोटो, एकाच कोपऱ्यातून काढलेले: आधी, मधे आणि नंतर. त्यातला मधला सोन्याचा. फोडलेला जुना कोबा, उघडी पडलेली गंजकी सळई, पाणी भरून टेस्टिंगला ठेवलेली गच्ची. रंग मारलेली भिंत कुणाचीही छान दिसते. आत काय केलं हे मधला फोटो सांगतो. नेमका तोच कुणी काढत नाही, कारण तेव्हा कामाच्या जागी पसारा असतो आणि पसाऱ्यात शेठ फोटोला उभे राहत नाहीत.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, ही आमची दुसरी विनवणी. साधा फोटो म्हणून पाठवला की तो आपोआप दाबला जातो आणि दाखवायचा तडाच गायब होतो. पुढे आम्ही स्वतः ४-५ एमबीचा तो फोटो १६०० पिक्सेल रुंदीवर आणि साधारण २०० केबीवर आणतो, नाहीतर मोबाइलवर पान उघडेपर्यंत गळती खालच्या मजल्यावर पोचेल. "शेवटी बारीकच करायचा होता, तर मोठा कशाला मागितलात?" हा प्रश्न येतो. एकदाच आणि नीट बारीक करायचा म्हणून, शेठ.

मजकूर विचारला की ब्रोशरची फाइल येते. ती जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये, म्हणजे वेबसाइटवर चिकटवली की नुसती कंस, टिंबं आणि आकड्यांची रांगोळी. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर वाचता येईल अशा अक्षरांत आणल्यावर कळतं की रांगोळीच बरी होती: 'गुणवत्ता, विश्वास, पारदर्शकता'. कुठल्या शहरांत काम करता? कुठेच लिहिलेलं नाही.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी करायची असते. तो रिपोर्ट हातात पडला की कमिटी कोटेशनं गोळा करायला निघते, आणि रात्री जेवणानंतर कुणीतरी मोबाइलवर 'टेरेस वॉटरप्रूफिंग डोंबिवली' असं टाकतं. 'विश्वास' कुणी टाकत नाही. म्हणून गच्चीचं पान वेगळं, बाहेरच्या गिलाव्याचं वेगळं, कॉलम-बीमच्या दुरुस्तीचं वेगळं. आणि प्रत्येक पानाच्या शीर्षकात काम आणि गाव. बहुतेकांच्या शीर्षकात 'होम' एवढंच असतं.

रेट टाकायचा म्हटलं की शेठ दचकतात. ठीक, आकडा नको. पण रेट कशाने बदलतो ते तरी लिहा: गच्ची किती फुटांची, जुना कोबा फोडायचा की वरूनच करायचं, लिफ्ट नसेल तर डेब्रिज किती मजले उतरवायचं. एवढं वाचून आलेला गिऱ्हाईक फोनवर 'अंदाजे सांगा ना' कमी वेळा म्हणतो.

फोन नंबर चित्रात कोरू नये. बोट लावल्यावर फोन लागला पाहिजे. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये ९१ आणि पुढे दहा आकडे, अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही. कार्डावरचा शून्य तसाच उतरवला की लिंक मुकी होते. चौकशीच्या फॉर्ममध्ये नाव, फोन, परिसर आणि अडचण, बस. त्याची मेल सर्व्हरच्या मूळ सेटिंगवर सोडली तर बरेचदा स्पॅममध्ये जाते, म्हणून एसएमटीपी, म्हणजे खऱ्या मेल खात्यातून लॉगिन करून मेल पाठवायची सोय लावायची आणि स्वतः फॉर्म भरून बघायचं. जीएसटी नंबर मोजून घ्या: १५ अक्षरं, महाराष्ट्राची सुरुवात २७ने, आणि शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' नको.

सगळ्यात अवघड चीज म्हणजे डोमेन, वेबसाइटचं नाव. ते पूर्वी भाच्याने स्वतःच्या मेलवर घेतलेलं असतं. नूतनीकरणाची सूचना त्याला जाते, ओटीपी त्यालाच. डॉट कॉमची मुदत टळली तर काही आठवडे जादा पैसे भरून नाव परत मिळतं, त्यानंतर ते कुणीही घ्यावं. म्हणून नोंदणी फर्मच्या मेलवर हवी. पण तोवर मामा-भाच्यात वडिलोपार्जित जागेवरून बोलणं बंद झालेलं असतं, आणि ओटीपी मागायला शेठ आम्हाला पाठवतात.