'मास्तर, फळ्यावरचं फळ्यावर ठेवा': जुन्या मेस्त्रींना उत्तर

गाडीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होत असेल तर गळती घरच्या घरी कशी हुडकायची, यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यात टेस्टर, म्हणजे रेडिएटरमध्ये हवेचा दाब भरून काट्यावर बघायचा पंप, वापरायचं सांगितलं होतं. त्याखाली 'जुना मेस्त्री' या नावाने एक प्रतिक्रिया आली. मी काही लपवलं असं व्हायला नको, म्हणून आधी ती पूर्ण देतो:

"मास्तर, फळ्यावरची विद्या फळ्यावरच ठेवा. तुमच्यासारखी हौशी माणसं टॉर्च घेऊन बॉनेट उघडतात आणि आमचं काम वाढवतात. टोपणाचा दाब १.५ बार लिहिलाय, चूक आहे. थंड इंजिनवर टेस्टर लावून गरम झाल्यावरची गळती कशी सापडणार? सोलापुरात बर्फ पडतो का, मग अँटीफ्रीझ कशाला? तीस वर्षं आम्ही बोट लावून चाटतो, गोड लागलं की कूलंट. तीन पानं लिहायची गरज नाही."

नमस्कार मेस्त्री.

टोपणाच्या दाबाचं तुमचं बरोबर, माझं चूक. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या रेडिएटरच्या टोपणावर ०.९ किंवा १.१ छापलेलं असतं. मी १.५ लिहिलं ते टायपताना झालं. टेस्टरने टोपणावरच्या आकड्यापेक्षा जास्त दाब दिला तर जुना होज पाइप किंवा रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी फुटू शकते, तेव्हा ही चूक लहान नाही. दाखवून दिलीत, आभारी आहे. चूक कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही, हे पुढचं वाचताना लक्षात असू द्या.

आता 'मास्तर'. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, हे खरं आहे. पण तुम्ही तो शब्द ज्या सुरात वापरलाय तो सूर मी बावीस वर्षं ऐकतोय, शेवटच्या बाकावरून येतो. गाडीबद्दल शिक्षकाने बोलूच नये असं तुमचं म्हणणं असेल, तर मग पाणी किती अंशाला उकळतं हे गॅरेजवाल्याने तरी का सांगावं? असो.

'हौशी माणसं टॉर्च घेऊन बॉनेट उघडतात' या वाक्यावर मात्र मला थांबावं लागेल, कारण ते लागलं.

माझे वडील टेम्पो चालवायचे. पूर्व भागातल्या यंत्रमागांवरून चादरी-टॉवेलचे गठ्ठे उचलायचे आणि बाजारात टाकायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शेजारच्या सीटवर. माझं काम एकच, पायात पाण्याचा पाच लिटरचा डबा धरून बसायचं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर, टेम्पोत वजन, आणि बार्शी रोडच्या चढाला काटा वर सरकला की वडील कडेला घ्यायचे, ओलं पोतं टोपणावर टाकायचे आणि मला दहा पावलं लांब उभं करायचे. एकदा त्यांनी रेडिएटरमध्ये मूठभर हळद ओतलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. गळती तात्पुरती थांबली, आणि महिन्याभराने नळ्या चोंदल्या म्हणून रेडिएटर उतरवावा लागला.

तो रेडिएटर आम्ही डाग मारणाऱ्याकडे नेला. त्याने सगळी तोंडं रबराने बंद केली, एका नळीतून हवा सोडली आणि अख्खा रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला. मग विडी पेटवून शांत बसला. बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, तिथे खडूची खूण करायची, पुसून कथलाचा डाग द्यायचा. मी हौदावर ओणवा होऊन बघत होतो. एक बारीक माळ, साबुदाण्याएवढ्या बुडबुड्यांची, खालच्या कोपऱ्यातून वर येत होती. प्रेशर टेस्टर म्हणजे दुसरं काय हो? रेडिएटर न उतरवता केलेलं तेच काम. हवा भरायची, दहा-पंधरा मिनिटं काट्याकडे बघायचं, पडला तर ओल शोधायची. ही विद्या मी फळ्यावरून घेतलेली नाही, हौदाच्या काठावरून घेतली आहे.

दुसरी गोष्ट ताजी आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात पुण्याहून परतताना मोहोळच्या अलीकडे काटा चढला. एसी बंद, हीटर चालू, खिडक्या खाली, त्या उन्हात हीटर लावून गाडी कशीबशी सोलापुरात आणली. (हा उपाय हास्यास्पद वाटतो, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तेवढी उष्णता तो बाहेर काढतो.) दुसऱ्या दिवशी कूलंटच्या बाटलीत तळाला चमचाभर शिल्लक. गाडीखाली एक थेंब नाही. एका गॅरेजमध्ये नेली. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. तिथल्या मुख्य माणसाने बॉनेट उघडलं, रेस दिली, कान लावला आणि म्हणाला, "हेड गॅस्केट गेलं. हेड उतरवावं लागेल." (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील.) खर्च १८,००० रुपये. कशावरून, विचारलं. "आवाजावरून कळतं."

घरी आणली आणि गॅस्केट गेल्याच्या खुणा आधी शोधल्या. तेलाच्या झाकणाच्या आतून बोट फिरवलं, दुधाळ साय नव्हती. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. पायाखालचं कार्पेट कोरडं, काचेवर आतून चिकट वाफ नाही, म्हणजे हीटरही शाबूत. स्पेअर पार्टवाल्या मित्राकडून टेस्टर आणला, टोपणावर होता तेवढाच दाब दिला. काटा पंधरा मिनिटं हलला नाही. मग रात्री गाडी तशीच सोडली आणि सकाळी सहाला, चावी न फिरवता, टॉर्च आणि बायकोच्या पर्समधला छोटा आरसा घेऊन बसलो. वॉटर पंपाच्या पोटाला खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, तुम्हाला मी सांगायला नको. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आरशात त्या भोकाखाली एक ओघळ दिसला. भिंतीवरून चुना ओघळून वाळावा तसा, पांढरट, कडेला हिरवी झाक. टिशू पेपरची वात करून भोकात घातली, टोक हिरवं ओलं झालं. चालू गाडीत जे गळत होतं ते गरम ब्लॉकवर आणि पंख्याच्या वाऱ्यात जागीच सुकत होतं, म्हणून खाली थेंब नव्हता.

पंप बदलला, दुसरीकडे. १८,०००च्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी खर्च आला. हेड आजतागायत उतरवलेलं नाही. आता सांगा मेस्त्री, माझ्या टॉर्चने कुणाचं काम वाढलं? एका गॅरेजचं तर कमी झालं, तेही अठरा हजारांनी. मला वाटतं, तुम्हाला राग टॉर्चचा नाहीच, गिऱ्हाईक वाकून बघतंय याचा आहे.

हे शेवटचं जरा जास्त झालं असेल. तुम्ही ते गॅरेजवाले नाही आणि मी तुम्हाला ओळखत नाही. पण लिहिलंय तर पुसत नाही. तुम्हीही 'तुमच्यासारखी' म्हणताना मला ओळखत नव्हताच.

बर्फाचं. सोलापुरात बर्फ पडत नाही ही बातमी माझ्यापर्यंत पोचली आहे. तुम्ही ज्याला अँटीफ्रीझ म्हणता ते म्हणजे हेच कूलंट, आणि त्यात गंज धरू न देणारी द्रव्यंही असतात, आपल्याला गरज त्यांची. जुळे सोलापुरात आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, मधल्या दिवसांत बोअर. ते बोअरचं पाणी तापवलेल्या पातेल्याचा तळ एकदा पाहा. तोच पांढरा थर रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांत बसतो. वडिलांच्या टेम्पोचा रेडिएटर तांब्या-पितळेचा होता, डाग मारून चालायचा. आताचा ॲल्युमिनियमचा, त्याला प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या, तिथे कथील काय करणार? शिवाय नुसतं पाणी एक बार जादा दाबाखाली १२० अंशांच्या आसपास उकळतं, निम्मं कूलंट घातलं की आणखी काही अंशांची सवड मिळते. मे महिन्यात विजापूर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलात की ती सवड कामाला येते. कूलंट पातळ करायचं तर डिस्टिल्ड वॉटर घाला, बोअरचं नको.

आणि ते चाटायचं. मेस्त्री, तुम्ही तीस वर्षं चाटताय आणि धडधाकट आहात, याचा मला आनंद आहे. पण बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विष आहे, मूत्रपिंडं निकामी करतं. गोड लागतं म्हणूनच सांडलेलं कूलंट कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. हे वाचणाऱ्या कुणी करू नये. रंग आणि वास पुरेसे आहेत. एसीचं पाणी असेल तर बिनवासाचं, बिनरंगाचं आणि नुसतं पाण्यासारखं असतं, बोटांवर चिकटत नाही. गाडीखाली रात्री जुना पुठ्ठा सरकवून ठेवा, सकाळी डाग कुठल्या चाकाच्या आसपास पडलाय ते दिसतं. यात तीन पानं गेली तर जाऊ देत, जिभेपेक्षा पुठ्ठा स्वस्त.

थंड इंजिनवर टेस्टर लावून गरम गळती कशी सापडणार, हा तुमचा प्रश्न राहिला. तो वेगळा विषय आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहावं लागेल, सवडीने लिहीन. इथे मूळ मुद्दा तो नव्हताच.

ता.क. लेखातला १.५ आज सकाळी काढला आणि 'टोपणावर छापलेला असेल तोच दाब' असं केलं. तुमची प्रतिक्रिया शब्दशः ठेवली आहे, फक्त चाटण्याच्या वाक्याखाली ठळक अक्षरांत 'असं करू नका' असं माझं एक वाक्य घातलंय. त्याचा राग आला तर कळवा, वाक्य मात्र काढणार नाही.