जग्वार सूडापोटी घेतलेली नाही

रतन टाटांची जयंती जवळ आली, म्हणजे २८ डिसेंबर, की आमच्या निगडी प्राधिकरणातल्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज हमखास येतो. यंदा एकाच सकाळी तिघांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: इंडिका सपशेल आपटली. रतन टाटा गाड्यांचा धंदा विकायला डेट्रॉइटला, फोर्ड कंपनीकडे गेले. बिल फोर्ड तोंडावर म्हणाले, काही कळत नाही तर गाड्यांच्या धंद्यात पडलात कशाला? टाटांनी अपमान गिळला. नऊ वर्षांनी फोर्डचं दिवाळं वाजलं आणि टाटांनी त्यांची जग्वार-लँड रोव्हर विकत घेऊन सूड उगवला. आज जग्वार शंभर टक्के भारतीय आहे. खाली तिरंगा, हात जोडलेले, 'गर्व असेल तर पुढे पाठवा.'

माझे बाबा टेल्कोत डायच्या, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यांच्या, विभागात होते. (पुण्यात 'टाटा मोटर्स' कोणी म्हणत नाही, नाव बदलून वीसेक वर्षं झाली तरी टेल्कोच.) मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे त्यांना वाचायला बंदी होती, म्हणून मी मेसेज मोठ्याने वाचला. ऐकून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "ह्यात आम्ही कुठे आहोत गं?" त्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिलं नाही. म्हणून हे लिहितेय.

आधी बिल फोर्डचं ते वाक्य. ही सगळी गोष्ट लोकांसमोर आली ती मार्च २०१५ मध्ये. रतन टाटांना यशवंतराव चव्हाण पुरस्कार मिळाला, तो त्यांच्या वतीने स्वीकारताना प्रवीण कडले मुंबईत बोलले. ते टाटा समूहातले वरिष्ठ अधिकारी, आणि १९९९ च्या त्या डेट्रॉइटच्या बैठकीला हजर होते. फोर्डच्या माणसांनी तुच्छतेने वागवलं, तुमचा विभाग घेऊन आम्ही उपकार करतोय अशी भाषा केली आणि टाटांची टीम त्याच संध्याकाळी न्यूयॉर्कला परतली, असं त्यांनी सांगितलं. त्यावर अविश्वास दाखवायचं मला काहीच कारण दिसत नाही. अपमान झाला असणार. पण कडले बोलले ते 'फोर्डच्या अधिकाऱ्यांबद्दल'. बिल फोर्ड हे नाव त्यांच्या सांगण्यात येतं ते २००८ च्या भागात, जग्वार-लँड रोव्हर घेऊन तुम्ही आमच्यावर उपकार करताय, असे आभार मानताना. फॉरवर्ड करणाऱ्यांनी दोन्ही टोकांना एकच माणूस बसवला, कारण गोष्टीला खलनायक लागतो. १९९९ मध्ये बिल फोर्ड कंपनीचे अध्यक्ष होते हे खरं, पण रोजचा कारभार पाहणारे सीईओ होते जॅक नासर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता 'इंडिका आपटली', हे मला सगळ्यांत जास्त लागतं.

इंडिका जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात दाखवली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाजारात आली. आरेखन टेल्कोच्या पिंपरीतल्या संशोधन केंद्रातलं, ईआरसीतलं, आणि इटलीतल्या तुरीनच्या आयडिया या संस्थेचं मिळून. आणि कारखाना? नवा कोरा प्रकल्प उभारायला जो पैसा लागतो तो नव्हता. ऑस्ट्रेलियात निसानचा एक कारखाना बंद पडला होता, तो टाटांनी विकत घेतला. तिथे तो नट-बोल्टांपासून सुटा केला, जहाजात भरला आणि पिंपरीत आणून पुन्हा जोडला. उभं घर पाडून दुसऱ्या गावात तेच घर, त्याच विटांनी बांधायचं, तसं हे काम. आमच्या घरात त्या काळातली एकच आठवण पक्की आहे: बाबा पहिल्या पाळीला जाऊन दुसरी संपवून येत, आणि आई ताटावर दुसरं ताट झाकून ठेवी.

सुरुवातीलाच १ लाख १५ हजार बुकिंग आलं, तेही पूर्ण पैसे भरून. मग तक्रारी सुरू झाल्या हेही खरं. पहिल्या गाड्यांमध्ये आवाज होता, थरथर होती, दुरुस्तीची शिबिरं भरवावी लागली. २००० - ०१ मध्ये टेल्कोने ५०० कोटींचा तोटा दाखवला. पण तो तोटा एकट्या इंडिकाचा म्हणून सांगायचा नसतो. त्या काळात देशात ट्रकची विक्री कोसळली होती, आणि टेल्कोचं पोट ट्रकवर होतं. याच काळात इंडिकाचे एकेक दोष काढून २००१ मध्ये व्ही-टू आणली, आणि ती धो धो चालली. पुढची दहा-बारा वर्षं पुणे-मुंबई टॅक्सी म्हणजे पांढरी इंडिका, हे ज्यांनी दापोडी ते दादर प्रवास केलाय त्यांना सांगायला नको. आपटलेली गाडी अशी दारोदार दिसत नाही.

म्हणजे १९९९ च्या अपमानाला उत्तर मिळालं ते दोनच वर्षांत, आणि ते पिंपरीत मिळालं. त्यासाठी नऊ वर्षं थांबून इंग्लंडातली कंपनी विकत घ्यायची गरज नव्हती. फॉरवर्ड नेमकी हीच दोन वर्षं खाऊन टाकतो. बाबांचा प्रश्न तोच होता.

आणि टाटांनी इंडिकाआधी मोटारी केल्याच नव्हत्या, असंही मेसेजच्या काही आवृत्त्यांत असतं. सिएरा १९९१, इस्टेट १९९२, सुमो १९९४. सुमो हे नाव तर सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावातलं, ज्यांनी पुण्यात टेल्को उभी केली. शिवाय १९९५ पासून मर्सिडीजची ई-क्लास टेल्कोच्याच आवारात पिंपरीत जोडली जात होती. आलिशान गाडी म्हणजे काय हे पुण्याच्या कामगाराला २००८ मध्ये कळलं असं नाही.

पुढचं विधान, 'त्यांची जग्वार-लँड रोव्हर'. १९९९ मध्ये अशी एकत्र कंपनीच नव्हती. जग्वारचं मूळ ब्लॅकपूलमध्ये, १९२२ साली विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्सली यांनी काढलेल्या साइडकारच्या कारखान्यात. लँड रोव्हर आली १९४८ मध्ये रोव्हर कंपनीकडून. मधल्या काळात दोन्ही ब्रिटिश लेलँडच्या छत्राखाली गेल्या, सरकारी झाल्या, पुन्हा वेगळ्या झाल्या. फोर्डने जग्वार घेतली १९८९ च्या अखेरीस, सुमारे २५० कोटी डॉलरना. लँड रोव्हर मात्र १९९९ मध्ये बीएमडब्ल्यूची होती! फोर्डने ती २००० मध्ये घेतली, सुमारे २७० कोटी डॉलरना. डेट्रॉइटच्या त्या बैठकीत टाटांनी 'तुमची लँड रोव्हर एक दिवस घेऊन दाखवतो' असं मनात म्हणायचं, तर ती तेव्हा त्यांची नव्हतीच.

'फोर्डचं दिवाळं वाजलं' हेही चूक. २००९ मध्ये दिवाळखोरीत गेल्या त्या जनरल मोटर्स आणि क्रायस्लर. फोर्ड गेली नाही, तिने सरकारी मदतीचे पैसेही घेतले नाहीत. कारण तिने वेळेत हात-पाय हलवले होते. २००६ मध्ये तिला १,२०० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला, त्याच वर्षी तिने मालमत्ता तारण ठेवून कर्ज उभं केलं, मार्च २००७ मध्ये ॲस्टन मार्टिन विकली, मग जग्वार आणि लँड रोव्हर बाजारात ठेवल्या, आणि २०१० मध्ये व्होल्वो चीनच्या जीलीला दिली. ही घरातले दागिने एकेक करून काढण्याची गोष्ट आहे, आणि दागिने बोली लावून विकले गेले. बोली लावणाऱ्यांत महिंद्रा होती. वन इक्विटी पार्टनर्स ही गुंतवणूक कंपनी होती, आणि तिच्या वतीने पुढे होते तेच जॅक नासर, १९९९ मध्ये फोर्डचे सीईओ असलेले! सूडाच्या चौकटीत त्यांना कुठे बसवायचं? ब्रिटनमधल्या युनाइट या कामगार संघटनेने टाटांना पसंती दिली, हे मला यातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. सोलिहल आणि हेलवुड इथल्या इंग्लंडातल्या कारखान्यांच्या कामगारांना नोकऱ्यांची हमी कोण देईल ते पाहायचं होतं.

सौदा २६ मार्च २००८ ला झाला, २३० कोटी डॉलरना, आणि २ जूनला पूर्ण झाला. त्यातले सुमारे ६० कोटी फोर्डने पेन्शन फंडात परत घातले. दोन्ही कंपन्यांसाठी जेवढं मोजलं त्याच्या निम्मंही हाती आलं नाही, म्हणून बिल फोर्डचे 'उपकार करताय' हे शब्द खरे असतील तर ते मनापासून आलेले असणार. पण टाटांनी ही रक्कम खिशातून काढली नव्हती. ३०० कोटी डॉलरचं तात्पुरतं कर्ज होतं. साडेतीन महिन्यांत अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली, जगभर महाग गाड्यांची विक्री थांबली, आणि २००८ - ०९ मध्ये टाटा मोटर्सने एकत्रित २,५०५ कोटींचा तोटा जाहीर केला. आमच्या घरी त्या वर्षी 'कशाला घेतली ही पीडा' हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. पुढे २०११ ला लँड रोव्हरची इव्होक ही नवी गाडी आली, चीनमधली मागणी वाढली, आणि डाव फिरला. २०१८ - १९ मध्ये पुन्हा २८ हजार कोटींहून मोठा तोटा, जग्वार-लँड रोव्हरच्या मालमत्तेचं मूल्य घटवल्यामुळे. सूड एकदा उगवला की संपतो. ही कंपनी टाटांना दरवर्षी नव्याने सांभाळावी लागते.

आणि ज्याचा सूड घ्यायचा त्याच्याकडून कोणी इंजिनं घेतं का? सौद्यातच करार होता की फोर्ड इंजिनं आणि सुटे भाग पुरवत राहील. टाटांच्या काळातलं स्वतःचं इंजिन वुल्व्हरहॅम्प्टनच्या कारखान्यात २०१४ पासून तयार होऊ लागलं, आणि वेल्समधल्या ब्रिजेंडच्या फोर्ड कारखान्यातून इंजिनं २०२० पर्यंत येत होती. साणंदचा फोर्डचा कारखाना टाटांनी जानेवारी २०२३ मध्ये ताब्यात घेतला, त्यालाही आता 'दुसरी चपराक' म्हणतात. त्या करारात तिथल्या पात्र कामगारांना सामावून घेण्याची अट होती. चपराक कुठली त्यात?

राहिलं 'शंभर टक्के भारतीय'. मालकी टाटांची, हे खरं. पण मुख्यालय कॉव्हेंट्रीजवळ व्हिटलीला, आरेखन गेडनला, मोठे कारखाने सोलिहल आणि हेलवुडला, एक स्लोव्हाकियात नित्रा इथे. पुण्यात २०११ पासून फ्रीलँडर जोडायला सुरुवात झाली, मग एक्सएफ, इव्होक, आणि २०२४ मध्ये रेंज रोव्हर, जी तोवर सोलिहलबाहेर कुठेच जोडली गेली नव्हती. ही जोडणी आहे, किट तिकडून येतं. त्यात कमीपणा नाही, रेंज रोव्हरचं काम सोलिहलने दुसऱ्या कोणाला पहिल्यांदा दिलं ते पुण्याला, हे मला तिरंग्याच्या इमोजीपेक्षा मोठं वाटतं.

अभिमानच पाठवायचा असेल तर हे पाठवा. २००३ मध्ये इंग्लंडातल्या एमजी रोव्हरने स्वतःच्या नावावर विकायला एक छोटी गाडी घेतली, सिटीरोव्हर. ती पुण्यात बनलेली इंडिका होती, समोर रोव्हरचं गलबत लावलेली. फार खपली नाही, २००५ मध्ये एमजी रोव्हरच बुडाली. रोव्हर हे नाव बीएमडब्ल्यूच्या मालकीचं होतं, ते पुढे फोर्डने तिच्याकडून घेतलं, आणि २००८ च्या सौद्यात जग्वार, लँड रोव्हर, डेमलर, लँचेस्टर या नावांसोबत तेही टाटांकडे आलं.

बाबांच्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर मी त्यांना सिटीरोव्हरचा फोटो मोबाइलवर दाखवला. दोन बोटांनी मोठा करून त्यांनी बराच वेळ पाहिला. "जाळी बदललीय. बंपर बदललाय." मग दाराच्या पत्र्यावरच्या घडीवर बोट ठेवलं. "हे दार आपलं आहे."