तडा जुनाच हाय, काय होत नाही

लातूरच्या ट्युशन एरियात चाळिशीला टेकलेल्या एकट्या माणसाला खोली सहसा मिळत नाही, अन् मिळालीच तर ती आपल्याला का मिळाली हे पहिल्या पावसात कळतं.

इथं लोक घर बांधतानाच पोरं डोळ्यापुढं ठेवून बांधतात. एक कॉट, एक टेबल, भिंतीत फडताळ, बाहेरून जिना, झाली रूम. पोरगं येतं, अकरावी-बारावी करतं, नीट म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा देतं, जातं. त्याला छताकडं बघायला वेळ नसतो, मान वर केली की गावाकडून फोन येतो, काय करायलास म्हणून. त्यामुळं छतं तशीच राहिलीत. मी पडलो डाळमिलमधला अकाउंटंट, मूळचा परभणीचा, दिवसभर तूर, हरभरा, जीएसटी, अन् संध्याकाळी सातनंतर मला छताकडं बघण्याशिवाय दुसरं कामच नाही, म्हणून ते मला दिसलं.

वर नीटवाली पोरं राहतात. मी नवीन होतो तेव्हा एकानं जिन्यात लै अदबीनं विचारलं, "काका, तुम्ही रिपीटर का?" मी हसून सोडून देणार होतो, पण मग लक्षात आलं की २०२२ पासून नीटला वयाची वरची अटच राहिली नाही, म्हणजे पोरगं नियमाला धरूनच विचारायलंय. म्हटलं नाही बाबा, नोकरी करतो. तर त्याच्या तोंडावर अशी काळजी आली की काय सांगू. "मग रात्री दोनपर्यंत लाईट कामून चालू असती?"

ह्याला काय उत्तर देणार. सिलॅबस संपत नाही म्हटलं अन् आत आलो.

घराचं सांगायचं तर दार पावसाळ्यात फुगतं अन् रुसलेल्या जावयासारखं ना आत येतं ना बाहेर जातं, खांदा लावावा लागतो. फॅनचा रेग्युलेटर एकतर बंद नाहीतर पाचवर, मधलं काही त्याला मान्य नाही. सिंकचा पाईप खाली बादलीत सोडलाय, बादली भरायच्या आत भांडी उरकायची असा नियम आहे, तो मी पाळतो कारण एकट्याची भांडी असून असून किती असणार. बाथरूमला आतून कडी नाही. मी आप्पांना म्हणजे घरमालकांना सांगितलं, आप्पा, कडी बसवून द्या की. आप्पा म्हणले, "तुम्ही एकटेच हाव की. कुणापासून लावणार?" मुद्दा बिनतोड होता, मी तसाच परत आलो, पण त्या रात्री जेवण काही नीट गेलं नाही.

अन् तडा. कॉटच्या वरून निघतो तो खिडकीपर्यंत जातो. पावसात त्यातून ओल येते, उन्हाळ्यात पोपडे पडतात, सकाळी उठलो की उशीवर चुना. आप्पांना बोलावून दाखवला. आप्पांनी मान तिरपी करून बघितला, त्यावरून हात फिरवला अन् म्हणले, "हा जुनाच हाय. त्र्याण्णवचा. काय होत नाही." अन् मग खाली बसले, म्हणजे माझ्या एकुलत्या एक खुर्चीवर, अन् भूकंपाचं सांगायला लागले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी गणपती बुडवलेले, सगळे दमून झोपलेले. भांडी पडल्याचा आवाज, अंधार, पोरांना उचलून रस्त्यावर. मग उजाडल्यावर किल्लारीकडच्या बातम्या. आप्पांचे कोण कोण होते तिकडं ते त्यांनी सांगितलं अन् मधी एक-दोनदा थांबले. आता अशा माणसाला मी पोपड्यांचं काय बोलू, सांगा. मी चहा केला. आप्पा जाताना परत एकदा तड्याकडं बघून म्हणले, भिंत लै मजबूत हाय, तेव्हा नाही पडली तर आता काय पडते. लातूरमधल्या कुठल्याही पन्नाशीच्या पुढच्या माणसाला भिंत दाखवा, तो तुम्हाला ती पहाट सांगेल, अन् ते ऐकल्यावर पुट्टीचा विषय काढायची तुमची हिंमत होणार नाही.

मग मी कायद्याकडं वळलो. ऑफिसात मिलचं कोर्टाचं काम बघणारा एक वकील येतो, त्याला विचारलं. तो म्हणाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४, घर राहण्यालायक ठेवणं मालकाचं काम, नाही ठेवलं तर कमीत कमी १५ दिवसांची नोटीस द्यायची, तरी ऐकलं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापायचा, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. मी एकदम खूश, रेग्युलेटर-कडीचं एस्टिमेट डोक्यात सुरू पण झालं. मग त्यानं माझा ११ महिन्यांचा करार मागवून वाचला अन् म्हणला, "अरे हे भाडेकरूसाठी असतंय. तुझं लिव्ह अँड लायसन्स हाय. तू भाडेकरू नाहीस, तू लायसन्सी हाईस." म्हणजे बघा, नवरा नाही, बाप नाही, विद्यार्थी तर नाहीच, अन् आता भाडेकरू पण नाही.

तरी नळाचं मात्र करावंच लागलं, कारण लातूरमधी बाकी काहीही चालेल पण गळणारा नळ चालत नाही. इथं नळाला रोज पाणी येत नाही, बोअर अन् टँकरवर घरं चालतात, अन् पाण्याचा विषय निघाला की कुणीतरी रेल्वे काढतंच काढतं. एप्रिल २०१६, मिरजेहून पाण्याची रेल्वे, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. शेजारच्या काकूंनी माझ्या बाथरूममधली टपटप भिंतीपलीकडून ऐकली अन् मला गेटजवळ धरलं. "मिरजंहून पाणी आणलंय आम्ही, अन् तुम्ही रात्रभर थेंब थेंब सोडायलाव व्हय?" ती टपटप मला झोपताना जरा सोबतीची वाटायची हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

तर असा माझ्या आयुष्यात प्लंबर आला. म्हणजे आला नाही, यायला लागला. फोन केला की "रस्त्यातच हाय सर", तासाभरानं "औसा रोडला एक काम लागलं", संध्याकाळी "उद्या सकाळी पक्कं". पण एक सांगतो, तो फोन उचलायचा. माझ्या फोनची कॉल लिस्ट काढली तर प्लंबर, आप्पा, प्लंबर, गॅसवाला, प्लंबर, अन् एक क्रेडिट कार्डवाली पोरगी, तिला पण मीच एकदा विचारलं होतं की पगार वेळेवर होतो का, तर तिनं ठेवूनच दिला. परभणीचे दोस्त आहेत, नाही असं नाही, त्यांचा ग्रुप आहे, त्यात रोज सकाळी सुविचार येतो अन् कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस असतो, मी केक टाकतो. "ये की कवातरी" असं सगळेच म्हणतात. कवातरी ह्या वारी एस्टी सुटत नाही.

सगळ्यात वंगाळ रविवार संध्याकाळ. मेसला सुट्टी असते, पोरं झुंडीनं बाहेर जेवायला जातात, मी पण जातो, निलंगा राईस मागवतो, पोऱ्या दोन पाण्याचे ग्लास आणून ठेवतो अन् मग समोर कुणी नाही बघून एक उचलून नेतो. तो नेतो ना, तेवढं नाही बघवत. राहू दे म्हटलं तर ऐकत नाही, पाण्याची किंमत लातूरच्या माणसाला कुणी शिकवायची.

मी म्हटलं हे असं आपल्यालाच होतंय का जगात कुणाला होतंय, म्हणून मोबाईलवर वाचत बसलो. तर ब्रिटननं २०१८ लाच एकटेपणासाठी मंत्री नेमलाय, जपाननं २०२१ ला. आपल्याकडं असं खातं निघालं तर ते ज्याला मिळेल तो पक्ष सोडेल. अन् अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल म्हणजे सरकारचे मुख्य डॉक्टर विवेक मूर्ती, घराणं मूळचं कर्नाटकातलं मंड्याकडचं म्हणजे तसा शेजारचाच माणूस, त्यांनी २०२३ च्या अहवालात लिहिलं की माणसांपासून तुटून राहणं जिवाला दिवसाकाठी १५ सिगारेटी ओढण्याइतकं घातक असू शकतं. मी सुपारी पण खात नाही. हे मी कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला सांगितलं, तर तो चुना मळत शांतपणे म्हणाला, "मग ओढा की सर एखादी. निदान इथं चार माणसं तरी भेटत्याल." अमेरिकेला हे सुचलं नाही.

पण खरं सांगू का, त्या घरात काही ना काही मोडलेलं असायचं म्हणून माणसं यायची. रेग्युलेटरला वायरमन आला, त्यानं त्याच्या मेव्हण्याच्या जमिनीची सगळी केस सांगितली. वरच्या बाथरूमचं पाणी झिरपायला लागलं तर पोरं माफी मागायला आली अन् पोहे खाऊन गेली, एकानं तर मला मायटोसिसच्या पायऱ्या म्हणून दाखवल्या. लाईट गेली की सगळी गल्ली ओट्यावर. प्लंबर आला की वॉशर नाही म्हणून जाणार, परत येणार, मधी दोन चहा. अन् आप्पा तर तडा बघायच्या निमित्तानं मुद्दाम यायला लागले होते, मला वाटतं खाली त्यांना पण ती पहाट ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

अन् दिवाळीला आप्पांचा पुण्याचा पोरगा आला. त्यानं घर बघितलं, आप्पांना काय बोलला माहीत नाही, पण चार दिवसात तडा भरला, पुट्टी, रंग, नवे नळ, रेग्युलेटरला पाची आकडे, अन् बाथरूमला आतून कडी. भाडं पण वाढलं, ते जाऊ द्या. घर असं गप्प झालं की मी सिंकखालच्या बादलीची जागा बघत उभा राहायचो. आप्पा यायचे बंद. काय बघायला येणार, भिंत गुळगुळीत.

नळ बसवायला प्लंबरच होता. जाताना हत्यारं पिशवीत भरत त्यानं सहज विचारलं, "येळवसला कुठं सर?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, जिल्ह्याला सुट्टी, अख्खं शहर शेतात जातं, दुकानं बंद, मेस बंद, रस्त्यावर माणूस दिसत नाही. पोरं पण कुणाच्या ना कुणाच्या शेतात पळतात. आमच्या घरी हा सण नव्हताच, त्यामुळं मी दरवर्षी त्या दिवशी बिस्किटं खाऊन डाळीचं स्टॉक स्टेटमेंट करतो. म्हटलं कुठंच नाही. "असं कसं? नऊला न्यायला येतो."

हे नऊ मला माहीत होते. म्हणून मी निवांत बनियनवर बसलो होतो तर नऊला दहा कमी असताना खाली गाडीचा हॉर्न. हा माणूस! मी शर्टाची बटणं गाडीवर लावली.

औश्याच्या पुढं त्यांचं शेत. ज्वारी कमरेच्या वर, कडब्याची कोप, कोपीत दगडांचे पांडव मांडलेले, अन् पत्रावळीवर भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यात आंबील. मी जेवलो म्हणजे मापात नाही जेवलो. त्यांची आई म्हणाली कोण हे, प्लंबर म्हणाला आमचं गिऱ्हाईक, ती म्हणाली असू दे, वाढ त्याला अजून. इथपर्यंत सगळं छान होतं. मग हात धुवून बाभळीखाली टेकलो तर पाच-सहा बायका अन् दोन म्हातारे गोल करून बसले अन् सुरू झाले. नाव काय, गाव कोणतं, पगार किती, लग्न कामून नाही केलं, पत्रिकेत काही हाय का, का मनातच नव्हतं, आई काय म्हणती, चाळीस झाले का व्हायचेत, डोक्यावरचे केस कधीपासून गेले. एका मावशीला निटूरची एक स्थळासारखी मुलगी आठवली, दुसरी म्हणाली तिचं झालं की मागंच, मग तिच्या बहिणीवर चर्चा, मग माझ्या पोटावर. मी फोन काढून आल्यासारखं केलं, तर म्हातारा म्हणाला हितं रेंज नसती बाळा, बस.

शेवटी मी प्लंबरला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "निघू का आपण? घरी नळ गळत असंल."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं! "सर, दिवाळीलाच बसवलाय मी. दहा वर्षं थेंब पडत नाही त्याला. बसा गप, आंबील घ्या."

अन् मावशीला म्हणाला, "हं, त्या बहिणीचं काय म्हणलीस?"