लोकल लेझरच्या गोंगाटात सिग्नल बुडत का नाही

नमस्कार. कोहेरंट लिडारवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. (हा लिडार वस्तूवर लेझर टाकतो आणि परत आलेल्या प्रकाशात त्याच लेझरचा बाजूला काढलेला प्रकाश, म्हणजे 'लोकल लेझर', मिसळून अंतर मोजतो.) तुमचं म्हणणं असं, की परत येणारा प्रकाश जेमतेम १ नॅनोवॉट आणि त्यात आपणच मिसळलेला लोकल लेझर १ मिलिवॉट, म्हणजे दहा लाख पट. मग सिग्नल त्यात बुडणारच. शिवाय 'कोहेरंट लिडारवर उन्हाचा काहीच परिणाम होत नाही' हे माझं वाक्य अतिशयोक्त आहे.

दुसरा आक्षेप मान्य. उन्हाच्या लहरींची कला (फेज) आपल्या लेझरशी जुळत नाही, म्हणून खोटं अंतर दिसत नाही. पण उन्हाचे फोटॉन शॉट नॉइजमध्ये, म्हणजे प्रकाश सुट्या फोटॉनांनी येतो म्हणून होणाऱ्या गोंगाटात, किंचित भर घालतातच. वाक्य आज बदलतो.

पहिला मात्र पटत नाही. डिटेक्टर दोन्ही लहरींच्या बेरजेचा वर्ग मोजतो, आणि त्या वर्गात दोघींचा गुणाकार असतो. जवळजवळ एकाच सुरात लावलेल्या दोन तारा एकदम छेडल्यावर आवाज लाटेसारखा कमीजास्त होतो ना, तेच विस्पंद इथे प्रकाशात मिळतात. तुमचेच आकडे धरले तर विस्पंदाची उंची २ मायक्रोवॉट येते, एकट्या नॅनोवॉटच्या २००० पट! लोकल प्रकाशाबरोबर शॉट नॉइज वाढतो हे खरं, पण तोही वर्गमुळाच्याच प्रमाणात, सिग्नलइतकाच. अँप्लिफायरचा गोंगाट मात्र आहे तिथेच राहतो. तो मागे पडेपर्यंत लोकल प्रकाश वाढवायचा, त्यापुढे वाढवून हाती काही लागत नाही. लेझरच्या तीव्रतेतले चढउतार दोन डिटेक्टरांच्या वजाबाकीत बरेचसे निघून जातात.

खरा त्रास चर्पमध्ये, म्हणजे लेझरची वारंवारता एकसारखी वाढवत नेण्यात आहे. परत येणारा प्रकाश जितका उशिरा येतो तितका त्याच्या आणि लोकल प्रकाशाच्या वारंवारतेत फरक पडतो, आणि त्या विस्पंदावरून अंतर कळतं. १० मायक्रोसेकंदांत वारंवारता १ गिगाहर्ट्झने वाढवली, तर ३० मीटरवरच्या भिंतीचा विस्पंद २० मेगाहर्ट्झला यायला हवा, साधारण १०० किलोहर्ट्झ रुंद. म्हणजे १५ सेंटिमीटरची बारकाई. पहिल्यांदा मला स्क्रीनवर सुईऐवजी मेगाहर्ट्झभर पसरलेला ढिगारा दिसला, म्हणजे दीड मीटरचा घोळ. करंट सरळ रेषेत वाढवला म्हणून लेझरची वारंवारता सरळ वाढत नाही, हे तेव्हा कळलं. मग थोडा प्रकाश माहीत असलेल्या लांबीच्या फायबरमधून फिरवला, त्याच्या विस्पंदांनाच घड्याळ मानून नमुने घेतले आणि ढिगाऱ्याची सुई झाली. तो क्षण मी विसरणार नाही.

सिग्नल बुडण्याबद्दलच बोलायचं तर स्पेकलवर बोट ठेवा. खडबडीत पृष्ठभागावरून आलेल्या लहरी कधी एकमेकींना खोडतात आणि तो बिंदू गायबच होतो. लोकल लेझर कितीही वाढवला तरी तो परत येत नाही. किरण जरासा सरकवून पुन्हा मोजावं लागतं. हे मी लेखात लिहायला हवं होतं.